इलेक्ट्रिक ब्लूज कसा ऐकावा: अल्बम कोणता लावायचा आणि कान कुठे द्यायचा

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं मूळचं लोकसंगीत, ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की जाणकार माणूस बहुधा मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांपासून सुरू करतो आणि १९३० च्या आसपासची खरखरीत ध्वनिमुद्रणं हातात ठेवतो. ऐकणारा दोन गाणी आदरानं ऐकतो आणि तिसऱ्याला उठतो. काही जण थेट वेगवान गिटारच्या व्हिडिओंकडे पाठवतात. तिथे बोटं दिसतात, पण ब्लूज ऐकू येत नाही. मी या दोन्ही वाटांनी गेलो आणि दोन्हीकडून परत आलो.

मग एक गोष्ट लक्षात आली. इलेक्ट्रिक ब्लूजचा चांगला अल्बम म्हणजे एका खोलीचं ध्वनिमुद्रण असतं. चार-पाच माणसं एकमेकांचं ऐकत वाजवत असतात, कोणी जागा सोडतं, कोणी ती भरतं. कान एकट्या गिटारवर रोखला तर अर्धं संगीत निसटतं. तो अख्ख्या खोलीवर ठेवला की हे संगीत आपलं होतं. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीसाठी लावलेला आहे. घाई करू नका. आठवड्याला एक अल्बम पुरे.

आधी थोडी तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर ब्लूज ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून बास गिटार जवळजवळ येतच नाही, आणि बास गेला की या संगीताची जमीनच जाते. वर राहते ती किरकिरणारी गिटार. साधे, वायरचे, कानात नीट बसणारे हेडफोन चालतील. घरात जुना डेक आणि दोन मोठे स्पीकर असतील तर उत्तमच.

ॲपमध्ये गाणी उलटसुलट वाजवणारं बटण बंद करा. ‘बेस्ट ऑफ’ संग्रह सध्या बाजूला ठेवा. त्यात वीस वर्षांतल्या वीस खोल्या एकापाठोपाठ येतात आणि एकीचाही हवापाणी कळत नाही. अल्बमच्या नव्या आवृत्त्यांना शेवटी जादा गाणी जोडलेली असतात, म्हणून मूळ गाणी किती ते आधी पाहून ठेवा. पुढे येणारा ‘हार्ड अगेन’ नऊ गाण्यांचा आहे, ‘टेक्सास फ्लड’ दहा गाण्यांचा. तिथे थांबायचं.

जवळ एक वही ठेवा. ती कशासाठी, ते पुढे सांगतो.

पहिला अल्बम: मडी वॉटर्सचा ‘हार्ड अगेन’

गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावरून शिकागोला आला. शिकागोच्या दारूच्या गुत्त्यांमधल्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याच्या हातात विजेची गिटार आली. शिकागोचा इलेक्ट्रिक ब्लूज जन्मला तो असा, गरजेतून. पण मी तुम्हाला त्या काळात नेत नाही. १९७७ साली आलेला ‘हार्ड अगेन’ लावा. मडी तेव्हा साठीत होता. निर्माता होता टेक्सासचा गिटारवादक जॉनी विंटर, म्हणजे मडीची गाणी ऐकत मोठा झालेला भक्तच. माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन, पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रम्सवर विली ‘बिग आइज’ स्मिथ.

पहिलं गाणं ‘मॅनिश बॉय’. यात सूर बदलतच नाही. एकच छोटा तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतो, आणि प्रत्येक दोन तुकड्यांमधल्या रिकाम्या जागेत मडी एक ओळ टाकतो. हे गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा मडीकडे लक्ष न देता मागे जो माणूस बेभान होऊन आरोळ्या मारतोय त्याच्याकडे कान ठेवा. तो खुद्द जॉनी विंटर आहे. हे ओरडणं काढून टाकावं असं कोणालाही वाटलं नाही, कारण खोलीत जे घडलं तेच हवं होतं. तिसऱ्यांदा फक्त ड्रम्स ऐका. ठोका किती जड आहे आणि किती निवांत पडतो ते पाहा.

याच अल्बमवर ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ आहे. ते आवडलं की मडीनं तेच गाणं १९४८ साली मुद्रित केलं होतं ते शोधा. त्यात फक्त गिटार आणि बास आहे. आता ते जुनं ध्वनिमुद्रण कंटाळवाणं वाटणार नाही, कारण आवाज ओळखीचा झालेला असतो. इतिहासात शिरायचं तर असं, एखाद्या आवडलेल्या गाण्याचं बोट धरून.

बारा बार मोजायला शिका

यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवा. ज्याला हे जमलं त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं असतं. एका बारात, म्हणजे तालाच्या एका खंडात, चार ठोके, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिले चार बार मुक्काम षड्जावर. पाचव्या-सहाव्याला मध्यमावर. सातव्या-आठव्याला परत षड्जावर. नवव्याला पंचम, दहाव्याला मध्यम, आणि शेवटचे दोन बार पुन्हा घरी. आपण समेची वाट पाहतो तशीच इथे पाचव्या आणि नवव्या बाराची वाट पाहायची. काही गाण्यांत दुसऱ्याच बाराला मध्यमावर एक फेरी मारून येतात. त्यानं गोंधळू नका, पाचवा बार आपल्या जागी येतोच.

सरावासाठी टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे वॉन याच्या ‘टेक्सास फ्लड’ अल्बममधलं ‘प्राइड अँड जॉय’ घ्या. गाणं म्हणायला सुरुवात झाली की बोटांवर मोजा. टाळी द्यायची तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपल्याला पहिल्यावर टाळी द्यायची सवय असते, आणि त्या सवयीनं ब्लूज अवघडून बसतो. दुसऱ्या-चौथ्यावर टाळी पडू लागली की खांदे आपोआप हलायला लागतात.

या गाण्याच्या चालीला शफल म्हणतात. दादऱ्यातले तीन बोल घ्या, धा धी ना, आणि मधला ‘धी’ मनात म्हणा: धा, ना, धा, ना. तो लंगडत गेल्यासारखा झोका म्हणजे शफल. तबला ऐकून तयार झालेल्या कानाला हे पाच मिनिटांत कळतं. माझ्या ओळखीच्या एका तबला शिकणाऱ्या मुलीनं तर पहिल्याच आवर्तनात पाचवा बार पकडला. तिला तोवर गिटारचं एकही नाव माहीत नव्हतं.

हा अल्बम कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे. १९८२ च्या नोव्हेंबरच्या अखेरीला गायक जॅक्सन ब्राउननं लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ स्टीव्ही आणि त्याच्या दोन साथीदारांना काही दिवस फुकट दिला. गिटार, बास, ड्रम्स, बस्स. रोज रात्री क्लबात जे वाजवत होते तेच तिथे वाजवलं, आणि १९८३ साली अल्बम बाहेर आला. शेवटचं ‘लेनी’ रात्री दिवे मालवून ऐका. एवढ्या जाड तारांची गिटार इतकी हळुवार बोलू शकते, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

गिटार कधी गप्प बसते?

आता बी. बी. किंगचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’. २१ नोव्हेंबर १९६४ ला शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झाला, १९६५ साली प्रसिद्ध झाला. ते थिएटर १९७३ मध्ये पाडलं. त्या प्रेक्षागृहाचा आवाज आता या दहा गाण्यांत आहे.

बी. बी. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. तो एक ओळ म्हणतो, थांबतो, आणि पुढची ओळ ‘ल्युसिल’ म्हणते. ल्युसिल हे त्याच्या गिटारचं नाव. ‘स्वीट लिटल एंजल’ लावा. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, त्यातले सुमारे दोन शब्दांत जातात आणि उरलेले दोन मोकळे असतात. सगळा ब्लूज त्या मोकळ्या दोन बारांत आहे. तिथे गिटार किती कमी बोलते ते मोजा. कधी तीन सूर, कधी एकच, हलवत ठेवलेला.

तो एक सूर नेमका कुठला, तेही ऐका. कोमल गंधार म्हणावा तर थोडा चढा, शुद्ध म्हणावा तर थोडा उतरलेला. तार बोटानं ढकलून तो मधल्या जागेपर्यंत नेतात. आपल्याला मींड ठाऊक आहे, त्यामुळे ही जागा आपल्या कानाला परकी नाही. अमेरिकेतल्या कित्येक पुस्तकांना जी गोष्ट समजावायला पानं लागतात ती भजनी मंडळात बसलेल्या माणसाला आधीच ठाऊक असते.

आणि प्रेक्षक! ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’मध्ये तो बायकोला काय काय दिलं आणि तिनं कसं नाक मुरडलं याची यादी सांगतो, आणि सात मुलांच्या ओळीवर थिएटर फुटतं. तो गलका म्हणजे खोलीतलं आणखी एक वाद्यच. मंडपात एखाद्या जागेला दाद उठते तेव्हा गाणारा पुढची जागा वेगळी घेतो. इथेही तसंच होतं.

बिघडलेला अँप आणि एक रात्र

मला कोणी एकच अल्बम ठेवायला सांगितला तर मी ज्युनियर वेल्सचा ‘हुडू मॅन ब्लूज’ ठेवीन. सप्टेंबर १९६५, शिकागो, डेलमार्क कंपनी. माउथ ऑर्गन आणि गाणं ज्युनियर वेल्सचं, बासवर जॅक मायर्स, ड्रम्सवर बिली वॉरन, आणि गिटारवर बडी गाय. पहिल्या प्रतींवर बडी गायचं नाव मात्र छापलेलं नव्हतं. तो दुसऱ्या कंपनीशी बांधलेला असेल या भीतीनं ‘फ्रेंडली चॅप’ असं लिहिलं होतं.

मुद्रण चालू असताना बडीचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत थांबण्याऐवजी स्टुडिओतल्या हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला त्याची गिटार जोडली. लेस्लीच्या पेटीत आवाजाचा भोंगा गोल फिरतो, म्हणून सूर पाण्याखालून आल्यासारखा हलतो. शीर्षकगीत लावा आणि डोळे मिटा. गिटार ऑर्गनसारखी तरंगते आणि तिच्यावर वेल्सचा माउथ ऑर्गन कोरडा, जवळून बोलतो. पियानो नाही, दुसरी गिटार नाही. चार माणसांत इतकी हवा आहे की बासचा प्रत्येक पाय पडलेला ऐकू येतो. क्लबमधल्या रोजच्या बँडला तसाच्या तसा स्टुडिओत नेऊन अख्खा अल्बम करणं तेव्हा रूढ नव्हतं. कंपन्यांना तीन मिनिटांची एकेक तबकडी हवी असे. या अल्बमनं दाखवून दिलं की क्लबातली अख्खी रात्र दोन बाजूंवर मावते.

याच्या जोडीला ‘हाउंड डॉग टेलर अँड द हाउसरॉकर्स’ ऐका. डेलमार्कमध्ये काम करणाऱ्या ब्रूस इग्लॉअर या तरुणानं टेलरला रविवारी दुपारी शिकागोच्या फ्लॉरेन्सेस लाउंजमध्ये ऐकलं. डेलमार्कच्या मालकाला अल्बम करायचा नव्हता, तेव्हा इग्लॉअरनं वारशात मिळालेल्या अडीच हजार डॉलरमधून तो स्वतःच काढला. ॲलिगेटर रेकॉर्ड्सची ही पहिली तबकडी, साल १९७१, हजार प्रती. दोन रात्रींत मुद्रण झालं. दोन गिटार आणि ड्रम्स, बास नाहीच. टेलरची गिटार स्वस्तातली जपानी, बोटात धातूची नळी, आणि आवाज पूर्ण फाटलेला. जिथे बास हवा तिथे ब्रूअर फिलिप्सची दुसरी गिटार खाली उतरून काम करते. ‘गिव्ह मी बॅक माय विग’ ऐकताना तिच्याकडे कान ठेवा.

जोड्या लावून ऐका

इथून पुढे एकटा अल्बम न ऐकता दोन दोन ऐका, कारण या संगीतात कोणी कोणाकडून काय घेतलं ते ऐकण्यात फार आनंद आहे.

अल्बर्ट किंगचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’, १९६७, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा, मागे बुकर टी. अँड द एमजीज हा बँड. अल्बर्ट डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा. त्यामुळे बारीक तारा वर यायच्या आणि सूर चढवायला तो तार खाली ओढायचा. ओढायला जोर जास्त मिळतो, म्हणून त्याचा सूर इतरांपेक्षा लांब जातो आणि रडवेला होतो. हे ऐकून झालं की ‘इन सेशन’ लावा. डिसेंबर १९८३, कॅनडातल्या हॅमिल्टनचा दूरचित्रवाणी स्टुडिओ, साठीचा अल्बर्ट आणि एकोणतीस वर्षांचा स्टीव्ही रे वॉन. गाण्यांच्या मधल्या त्यांच्या गप्पाही ठेवल्या आहेत. स्टीव्हीनं काय उचललं ते तो समोर बसून वाजवून दाखवतो आणि म्हातारा एका सुरात त्याला जागा दाखवतो. हा अल्बम १९९९ साली आला तेव्हा दोघेही गेलेले होते.

दुसरी जोडी ॲलिगेटरचा ‘शोडाउन!’, १९८५, आणि रॉबर्ट क्रेचा ‘स्ट्राँग पर्सुएडर’, १९८६. पहिल्यात अल्बर्ट कॉलिन्स, जॉनी कोपलंड आणि क्रे असे तिघे गिटारवाले आहेत. कॉलिन्स बोटांनी तार खेचून सोडतो, त्याचा सूर बर्फाच्या सुईसारखा टोचतो. तो ओळखता आला की उरलेले दोघे आपोआप वेगळे होतात. ‘स्ट्राँग पर्सुएडर’ मात्र शब्दांसाठी ऐका. एका गाण्यात भिंतीपलीकडे नवराबायकोचं भांडण चालू आहे, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की कारण तोच आहे. कडवं-दोन कडव्यांत अख्खी कथा आहे.

जॉनी कोपलंडची मुलगी म्हणजे गायिका शेमीकिया कोपलंड. तिचा पहिला अल्बम १९९८ चा, पण मी ‘अनसिव्हिल वॉर’, २०२०, आधी सुचवेन. ब्लूज म्हणजे फक्त बाई सोडून गेल्याचं दुःख, हा समज तो पुसून टाकतो. तिच्या आधीची कोको टेलर हिलाही चुकवू नका. तिचा आवाज ऐकून अँप लाजावा असा आहे.

बडी गायचे दोन चेहरे

१९८० च्या दशकात बडी गायकडे अमेरिकेत कंपनीच नव्हती. १९९१ साली ‘डॅम राइट, आय’व्ह गॉट द ब्लूज’ आला आणि पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा उभा राहिला. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, मार्क नॉफ्लर पाहुणे आहेत, पण शेवटचा शब्दांविना तुकडा ‘रिमेम्बरिंग स्टीव्ही’ चुकवू नका. २७ ऑगस्ट १९९० ला स्टीव्ही हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याच रात्री काही वेळापूर्वी बडी त्याच्याबरोबर एका मंचावर होता.

दहा वर्षांनी, २००१ साली, बडी मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला गेला आणि ‘स्वीट टी’ केला. सुरुवातीला एकटी साधी गिटार आणि म्हातारा झालो असं सांगणारा आवाज. पाठोपाठ सात मिनिटांहून लांब, जड, एकाच सुरावर घोंघावणारं गाणं. ही उत्तर मिसिसिपीतल्या टेकड्यांमधली पद्धत. बारा बार विसरा. एकच सूर तंबोऱ्यासारखा धरलेला असतो आणि त्याच्यावर लय हळूहळू चढते. ज्युनियर किम्ब्रोचा ‘ऑल नाइट लाँग’, १९९२, आणि आर. एल. बर्नसाइडचा ‘टू बॅड जिम’, १९९४, हे याच वाटेवरचे. ख्यालाची बढत ऐकणाऱ्या मित्रांना मी हल्ली इथूनच सुरुवात करून देतो. त्यांना शफलपेक्षा हे लवकर भिडतं.

आजचे

ऑस्टिनचा गॅरी क्लार्क ज्युनियर, ‘धिस लँड’, २०१९: ब्लूज, रेगे, हिप-हॉप एकत्र, रागीट आणि थेट. टेडेस्की ट्रक्स बँडचा ‘रेव्हलेटर’, २०११: त्यातला गिटारवादक डेरेक ट्रक्स कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकलेला आहे. त्याची स्लाइड, म्हणजे बोटातल्या नळीनं वाजवलेली गिटार, ऐकताना सरोद आठवली तर ते उगाच नाही.

आणि क्रिस्टोन ‘किंगफिश’ इनग्रॅम. जन्म १९९९, गाव क्लार्क्सडेल. मडी जिथून आला तो मळा ज्याच्या जवळ आहे तेच गाव. पहिला अल्बम ‘किंगफिश’, २०१९, आणि दुसरा ‘६६२’, २०२१. हा आकडा उत्तर मिसिसिपीचा फोनचा कोड. पहिल्यावर बडी गाय ‘फ्रेश आउट’ गाण्यात येतो. दोघांमध्ये बासष्ट वर्षांचं अंतर आहे. कोण कधी थांबतं ते ऐका.

वही आणि मुंबई

वहीत प्रत्येक अल्बमचं साल, गाव, कंपनी, निर्माता आणि ड्रम्स-बासवर कोण ते लिहा. चांगलं-वाईट असे शेरे नकोत. सहा-सात पानं झाली की नावं एकमेकांना भेटू लागतात. टॉम हॅम्ब्रिज बडी गायच्या अलीकडच्या अल्बमांचा निर्माता आहे आणि किंगफिशच्या पहिल्या दोघांचाही. असा एक धागा मिळाला की पुढचा अल्बम कोणता हे कोणाला विचारावं लागत नाही.

प्रत्यक्ष ऐकायची संधी सोडू नका. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा बडी गाय वाजवून गेला, पुढेही येत राहिला. शिलाँगचा सोलमेट, म्हणजे रूडी वॉलंग आणि टिप्रिती खारबांगर, हा बँड कुठे वाजत असेल तर जा. २००७ साली ते मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेपर्यंत पोचले होते. सभागृहात मंचाला चिकटून उभे राहू नका. तिथे फक्त एका अँपचा आवाज येतो. मागे जिथे ध्वनिनियंत्रणाचं टेबल असतं त्याच्या जवळ उभे राहा. बास, ड्रम्स, आवाज सगळे तिथे जुळून येतात.

या रविवारी ‘हार्ड अगेन’ लावा. पहिलं गाणं तीनदा. तिसऱ्या वेळी विली स्मिथच्या डाव्या हाताकडे कान द्या, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर.